टॉमकॅटने परवानगी द्यावी, व्हिडिओ इंजिनएक्सने वाहावा

नागपुरातल्या सीताबर्डी-धरमपेठ पट्ट्यातला एखादा कोचिंग क्लास घ्या. दिवसा वर्गात लेक्चर होतं, ते रेकॉर्ड होतं आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान काटोल, उमरेड, सावनेर, रामटेकची मुलं ते मोबाइलवर बघतात. लॉगिन, फी, बॅच, हजेरी हे सगळं जावाच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये आधीपासून आहे आणि ते टॉमकॅट या जावा सर्व्हरवर चालतं. मग साहजिकच त्याच अ‍ॅप्लिकेशनमध्ये एक सर्व्हलेट (विनंतीला उत्तर देणारा जावाचा तुकडा) वाढवला जातो : फाइल उघडायची, आउटपुट स्ट्रीममध्ये ओतायची. चाचणीला चार जण असतात तेव्हा काहीच वावगं दिसत नाही. एके रात्री तीनशे जण एकदम येतात. व्हिडिओ तर अडकतोच, पण लॉगिनचं पानसुद्धा उघडत नाही.

कारण साधं आहे. टॉमकॅटच्या कनेक्टरला (विनंत्या घेणाऱ्या भागाला) मुळात २०० थ्रेड मिळतात, एका विनंतीला एक. सर्व्हलेट फाइल लिहीत असतो तोवर त्याचा थ्रेड अडकलेला राहतो, आणि पलीकडचा मोबाइल जितका हळू ओढतो तितका जास्त वेळ अडकतो. २०१ वा माणूस रांगेत. त्याला व्हिडिओ नको असेल, फक्त पासवर्ड टाकायचा असेल, तरी रांगेतच. मॅक्सथ्रेड्स ८०० करून दुखणं पुढे ढकलता येतं, बरं होत नाही. त्यातही कोणी पूर्ण फाइल बाइट अ‍ॅरेमध्ये वाचून पाठवत असेल, तर एका तासाचं लेक्चर ३८९ एमबीचं धरा : तीन प्रेक्षकांत १ जीबीची हीप (जावाला दिलेली मेमरी) संपते आणि लॉगमध्ये आउटऑफमेमरीएरर येतो.

म्हणून कामाची वाटणी अशी करायची. कोण बघू शकतो हे टॉमकॅट ठरवेल. बाइट पाठवायचं काम इंजिनएक्स हा वेब सर्व्हर करेल, कारण तो एका वर्कर प्रोसेसमध्ये हजारो जोडण्या सांभाळतो आणि सेंडफाइलमुळे (एचटीटीपीएस नसेल तेव्हा) फाइलचा मजकूर लिनक्सच्या कर्नलमधूनच थेट सॉकेटकडे जातो. खालची सगळी जोडणी या एका वाटणीसाठी आहे.

खाली आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची, खालची आडवी रेघ असेल तिथे अंडरस्कोर.

आधी हिशेब

फळ्यावरच्या लेक्चरला ४८० पी पुरतं : व्हिडिओ ८०० केबीपीएस, आवाज ६४ केबीपीएस. तासाला ३८९ एमबी होतात. ७२० पी हवं असेल तर १६०० अधिक ६४, म्हणजे तासाला सुमारे ७४९ एमबी. दोन्ही प्रती ठेवल्या तर १ टीबीच्या डिस्कवर अंदाजे ८७५ तास मावतात. पॅकिंगचा थोडा बोजा वर येतो, तेव्हा आठशेच धरा.

आता बँडविड्थ. ३०० जण ४८० पी बघत असतील तर २६० एमबीपीएस, ७२० पी बघत असतील तर जवळपास ५०० एमबीपीएस. हा आकडा अपलोडचा आहे. ऑफिसमधल्या ब्रॉडबँडवर मशीन ठेवायचं असेल तर प्लॅनचा डाउनलोड वेग बघून भुलू नका, अपलोड किती आणि स्थिर आयपी मिळतो का, हे आधी लेखी घ्या. बहुतेक क्लासना मुंबईतला क्लाउड सर्व्हर सोपा पडतो, फक्त तिथे बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे लागतात. ३०० मुलांनी रोज एक तास ४८० पी बघितलं तर रोजचे सुमारे ११७ जीबी, महिन्याचे साडेतीन टीबी. दर विचारताना हा आकडा हातात असू द्या.

मशीन फार मोठं लागत नाही. ४ कोअर, ८ जीबी रॅम ठीक. यातली जावाला १ ते दीड जीबीच द्या. व्हिडिओ जावातून जाणारच नाही, तर हीप मोठी ठेवून उपयोग नाही. उरलेली रॅम लिनक्स पेज कॅशसाठी वापरतो. आज शिकवलेलं लेक्चर आज रात्री सगळे बघतात, ते एकदा वाचलं की मेमरीतूनच जातं आणि डिस्कला हात लागत नाही. हीपला ६ जीबी देणारे नेमकी हीच जागा खाऊन टाकतात.

टॉमकॅटची बाजू

उबुंटू २४.०४ वर ओपनजेडीके १७ आणि टॉमकॅट १० पॅकेजमधूनच मिळतात. अडचण येते ती जुन्या अ‍ॅप्लिकेशनची : टॉमकॅट १० पासून जावाच्या कोडमधल्या पॅकेजची नावं जावाएक्स वरून जकार्ता झाली आहेत. जुनी वॉर फाइल (जावा वेबसाइटचा एकत्र गठ्ठा) तशीच वेबअ‍ॅप्स फोल्डरमध्ये टाकली तर टॉमकॅट सुरू होतो, पण पानं ४०४ देतात किंवा क्लास सापडत नाही अशी तक्रार येते. अशी फाइल वेबअ‍ॅप्स-जावाईई नावाचं फोल्डर करून त्यात ठेवा, टॉमकॅट ती स्वतः बदलून घेतो.

सर्व्हर.एक्सएमएल मध्ये तीन गोष्टी बघा. पहिली, ८०८० च्या कनेक्टरला अ‍ॅड्रेस म्हणून १२७.०.०.१ द्या, म्हणजे बाहेरून कोणी थेट टॉमकॅटपर्यंत पोचणार नाही. दुसरी, शटडाउनचा पोर्ट ८००५ ऐवजी -१ करा. तिसरी, होस्टच्या आत रिमोटआयपीव्हॉल्व्ह टाका आणि त्याच्या प्रोटोकॉलहेडरला एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे नाव द्या. ही तिसरी गोष्ट विसरली की टॉमकॅटला वाटतं सगळे एचटीटीपीनेच येताहेत. मग लॉगिननंतरचं रीडायरेक्ट एचटीटीपीवर जातं, इंजिनएक्स परत एचटीटीपीएसवर पाठवतो, आणि ब्राउझर खूप रीडायरेक्ट झाले म्हणून हात वर करतो. शिवाय लॉगमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याचा पत्ता १२७.०.०.१ दिसतो, तो वेगळाच वैताग.

८००९ वरच्या एजेपीचं, म्हणजे टॉमकॅटला वेब सर्व्हरशी जोडायच्या जुन्या पद्धतीचं काय? जुन्या मार्गदर्शनांत अपाचे आणि टॉमकॅट एजेपीने जोडलेले दिसतात. २०२० च्या फेब्रुवारीत घोस्टकॅट नावाने ओळखली जाणारी त्रुटी, सीव्हीई-२०२०-१९३८, बाहेर आली. उघड्या एजेपी पोर्टवरून अ‍ॅप्लिकेशनमधल्या फाइली वाचता येत होत्या. ९.०.३१ पासून तो कनेक्टर मुळात बंदच येतो आणि चालू केला तर सीक्रेट मागतो. नव्या जोडणीत एजेपी घ्यायचं कारण उरलेलं नाही, साधं एचटीटीपी पुरतं.

इंजिनएक्सची बाजू

आधी अपस्ट्रीम ब्लॉक, म्हणजे विनंत्या पुढे कोणाकडे द्यायच्या ते : नाव द्या 'क्लास', आत सर्व्हर १२७.०.०.१:८०८० आणि कीपअलाइव्ह ३२. कीपअलाइव्ह, म्हणजे उघडी जोडणी पुन्हा वापरणं, प्रत्यक्षात लागू होण्यासाठी लोकेशनमध्ये प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन १.१ आणि प्रॉक्सी_सेट_हेडर कनेक्शन रिकाम्या अवतरणांसह, अशा दोन्ही ओळी हव्यात. एकच टाकली तर दर विनंतीला नवी जोडणी उघडत राहते आणि टाइम-वेटमधल्या सॉकेटचा ढीग साचतो.

मुळाच्या ('/') लोकेशनमध्ये प्रॉक्सी_पास या अपस्ट्रीमकडे द्या आणि तीन हेडर पुढे पाठवा : होस्टला डॉलर होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉरला डॉलर प्रॉक्सी_अ‍ॅड_एक्स_फॉरवर्डेड_फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोला डॉलर स्कीम. अ‍ॅप्लिकेशन रूट.वॉर म्हणून बसवलेलं बरं. ते टॉमकॅटमध्ये 'क्लास' या वाटेवर (पाथवर) असेल आणि बाहेरून मुळावर दाखवलं, तर सेशनच्या कुकीची वाट जुळत नाही. मुलगा लॉगिन करतो आणि पुढच्याच क्लिकला बाहेर फेकला जातो.

एचटीटीपी ब्लॉकमध्ये सेंडफाइल ऑन, टीसीपी_नोपुश ऑन, आणि ओपन_फाइल_कॅशला मॅक्स २००० व इनअ‍ॅक्टिव्ह ६० सेकंद. वर्कर_कनेक्शन्स ४०९६ करा आणि सोबत वर्कर_आरलिमिट_नोफाइल ८१९२. दर प्रेक्षकामागे सॉकेट आणि फाइल मिळून दोन डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे क्रमांक) जातात, त्यामुळे फक्त पहिला आकडा वाढवून भागत नाही. जीझिप व्हिडिओसाठी लावू नका. आधीच आकसलेल्या फाइलवर सीपीयू जाळून हाती काही लागत नाही.

फाइल सोपवायची पद्धत

नोट्सच्या पीडीएफ, एखादा छोटा एमपी४, डाउनलोड, यांच्यासाठी एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट. विद्यार्थी '/लेक्चर/१५४२' मागतो. विनंती टॉमकॅटकडे जाते. सर्व्हलेट सेशन बघतो, बॅच बघतो, आणि मान्य असेल तर फक्त दोन हेडर लिहून परततो : कंटेंट-टाइप व्हिडिओ/एमपी४, आणि एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्टमध्ये '/गुप्त/४८०/१५४२.एमपी४'. उत्तराच्या अंगात (बॉडीत) एकही बाइट लिहायचा नाही, कंटेंट-लेंग्थ द्यायची नाही. इंजिनएक्स ते हेडर ओळखतो, ते बाहेर जाऊ देत नाही आणि त्या वाटेवरची फाइल स्वतः पाठवतो. टॉमकॅटचा थ्रेड काही मिलिसेकंदांत मोकळा.

'गुप्त' या लोकेशनमध्ये दोनच ओळी : इंटर्नल (बाहेरून थेट मागता येऊ नये म्हणून), आणि अलियास '/एसआरव्ही/मीडिया/एमपी४/'. शेवटची तिरकी रेघ नीट बघा. लोकेशनला आहे आणि अलियासला नाही, असं झालं की इंजिनएक्स दोन तुकडे तसेच चिकटवतो आणि एरर लॉगमध्ये '/एसआरव्ही/मीडिया/एमपी४४८०/१५४२.एमपी४' सापडत नाही असं येतं. ते 'एमपी४४८०' दिसलं की समजा रेघ राहिली. ब्राउझरला मात्र नुसतं ४०४ दिसतं आणि माणूस तासभर जावाचा कोड चाळत बसतो.

तुकड्यातुकड्याने मागणं, म्हणजे रेंज, हे इंजिनएक्स आपोआप हाताळतो. हाताने लिहिलेल्या सर्व्हलेटमध्ये बहुतेकांचं इथेच चुकतं : आयफोनवरचा सफारी आधी दोनच बाइट मागून बघतो, २०६ (तुकडा) ऐवजी २०० (पूर्ण फाइल) आलं तर व्हिडिओ वाजवत नाही. आणि काही कारणाने लांबी जावातून द्यावीच लागली तर सेटकंटेंटलेंग्थलाँग वापरा. साध्या सेटकंटेंटलेंग्थमध्ये इंट बसतो, २ जीबीच्या वर आकडा उलटतो.

फाइलीचं नाव डेटाबेसमधल्या क्रमांकावरून बनवा, विनंतीतून आलेलं नाव वाटेत कधीही जोडू नका. 'भौतिकशास्त्र धडा ३.एमपी४' सारखी नावं असली तर हेडरमध्ये ती पर्सेंट-एन्कोड करावी लागतात, नाहीतर काहींना मिळते, काहींना मिळत नाही असा लपंडाव. १५४२.एमपी४ बरं. बाहेर दिसायचं मराठी नाव कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये देता येतं.

परवानग्या : 'मीडिया' नावाचा गट करा, टॉमकॅट आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा (इंजिनएक्सचा वापरकर्ता) दोघांनाही त्यात घाला, फोल्डरला २७५० द्या. वरच्या प्रत्येक फोल्डरवर शिरण्याची परवानगी असावी लागते. फाइल वाचता येते पण वाटेतलं एक फोल्डर ७०० आहे, तरी ४०३ (मनाई) येतो. 'नेमआय -एल' ही आज्ञा पूर्ण वाट एकाखाली एक दाखवते, दोष तिथेच डोळ्यात भरतो. गटात नव्याने घातल्यावर दोन्ही सेवा रीस्टार्ट करा.

मोबाइलसाठी एचएलएस

पूर्ण एमपी४ मोबाइल डेटावर बघणाऱ्याला त्रास होतो. एसटीत बसलेल्या मुलाचं नेटवर्क बुटीबोरी ओलांडताना पडलं की तोच बिटरेट पुढे रेटला जातो. एचएलएसमध्ये व्हिडिओचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे आणि त्यांची यादी असते, प्लेअर वेग बघून ७२० आणि ४८० मध्ये उडी मारतो. लेक्चरसाठी हाच मार्ग घ्या.

एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनाला द्यायच्या गोष्टी : लिबएक्स२६४, पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही४२०पी, -आर २५, -जी ५०, -एससी_थ्रेशोल्ड ०, -एचएलएस_टाइम ६, -एचएलएस_प्लेलिस्ट_टाइप व्हीओडी. यातलं प्रत्येक कशासाठी, तेही बघा. फोनवर केलेल्या रेकॉर्डिंगचा फ्रेम रेट हलता असतो, म्हणून २५ ला बांधायचा. -जी ५० म्हणजे दर दोन सेकंदांनी की-फ्रेम (स्वतंत्र पूर्ण चित्र). हे दिलं नाही तर एक्स२६४ मुळात २५० फ्रेमपर्यंत थांबतो, म्हणजे दहा सेकंद, आणि तुकडा फक्त की-फ्रेमवरच कापता येत असल्यामुळे सहा मागून दहाचे तुकडे मिळतात. वर ७२० आणि ४८० चे तुकडे एकाच जागी कापले गेले नसतील तर उडी मारताना चित्र अडखळतं. प्लेलिस्ट टाइप दिला नाही तर यादीत फक्त शेवटचे पाच तुकडे राहतात, आणि तासाचं लेक्चर अर्ध्या मिनिटाचं दिसतं. हा प्रश्न इतक्यांना पडतो की तो एफएफएमपेगचा दोष वाटावा, पण ती मुळातली सेटिंग थेट प्रक्षेपणाच्या हिशेबाने ठेवलेली आहे.

मास्टर प्लेलिस्टमध्ये (दोन्ही प्रतींची नोंद असलेल्या मुख्य यादीत) बँडविड्थ बिट्स प्रति सेकंदात लिहायची : ८६४ नव्हे, ८६४०००, आणि टीएसच्या (तुकड्यांच्या फाइल प्रकाराच्या) पॅकिंगसाठी थोडं वर, ९५०००० धरा. आकडा केबीपीएसमध्ये लिहिला तर प्लेअरला दोन्ही प्रती फुकटात जमणाऱ्या वाटतात आणि तो कमजोर नेटवरही ७२० पकडून बसतो.

एमपी४ ठेवणार असाल तर मूव्हफ्लॅग्समध्ये +फास्टस्टार्ट द्या. त्याने फाइलची अनुक्रमणिका शेवटून पुढे येते.

तुकड्यांना कुलूप

३०० प्रेक्षक, दर सहा सेकंदांनी एक तुकडा : सेकंदाला ५० विनंत्या. प्रत्येक तुकडा टॉमकॅटला विचारून द्यायचा तर ऑथ_रिक्वेस्ट मॉड्यूल आहे, आणि ५० हा आकडा टॉमकॅटला जड नाही. पण अ‍ॅप्लिकेशन रीस्टार्ट झालं की सगळ्यांचे व्हिडिओ तुटतात. सिक्युअर_लिंक जास्त शहाणपणाचं. टॉमकॅट एकदाच सही केलेला पत्ता देतो, पुढची तपासणी इंजिनएक्स एकटा करतो.

मेख इथे आहे : टोकन प्रश्नचिन्हानंतर ठेवलं तर ते मास्टर प्लेलिस्टलाच लागतं. आतल्या यादीतले पत्ते सापेक्ष असतात, त्यांना ते वारशाने मिळत नाही, आणि पुढच्याच विनंतीला ४०३. म्हणून टोकन वाटेतच घाला : '/व्ही/टोकन/मुदत/१५४२/मास्टर.एम३यू८'. आता '४८०/सेग_०००१.टीएस' असा सापेक्ष पत्ता आपोआप त्याच टोकनखाली येतो.

इंजिनएक्समध्ये रेगेक्स (नमुना जुळवणारं) लोकेशन करा, जे चार तुकडे नावांनी पकडेल : टोकन (अक्षरं, आकडे, अंडरस्कोर, हायफन), मुदत (आकडे), लेक्चर (आकडे) आणि उरलेली वाट, जिच्या शेवटी एम३यू८ किंवा टीएसच असेल. सिक्युअर_लिंकला टोकन आणि मुदत स्वल्पविरामाने जोडून द्या. सिक्युअर_लिंक_एमडी५ ला मुदत, हायफन, लेक्चर, हायफन आणि गुपित शब्द. हायफन गाळू नका, नाहीतर मुदतीचा शेवटचा आकडा आणि लेक्चरचा पहिला आकडा एकमेकांत मिसळू शकतात. उरलेली वाट या एमडी५ हॅशमध्ये घ्यायची नाही, कारण एकच टोकन सगळ्या तुकड्यांना चालायला हवं. मग दोन अटी : डॉलर सिक्युअर_लिंक रिकामं असेल तर ४०३, शून्य असेल तर ४१०. शेवटी अलियास, '/एसआरव्ही/मीडिया/एचएलएस/' पुढे लेक्चर आणि उरलेली वाट.

जावात तीच ओळ अक्षरशः तशीच बनवा, यूटीएफ-८ बाइट घ्या, मेसेजडायजेस्टने एमडी५ काढा आणि ते कच्चे १६ बाइट बेस६४ च्या यूआरएल एन्कोडरमधून विदाउटपॅडिंग लावून काढा. आधी हेक्स करून मग बेस६४ केलं तर टोकन दुप्पट लांब होतं आणि कधीच जुळत नाही. बरोबर टोकन नेमकं २२ अक्षरांचं असतं, मोजून बघा.

मुदत युनिक्स सेकंदांत. जावाचा करंटटाइममिलिस मिलिसेकंद देतो, हजाराने भागा. मुलं मध्ये जेवायला उठतात, तासाच्या लेक्चरला पाच तास द्या. मुदत संपल्याचा ४१० आला की प्लेअरने पानाकडून नवा पत्ता मागून घ्यावा. हॅशमध्ये आयपी घालायचा मोह होतो, घालू नका. घरच्या वायफायवरून मोबाइल डेटावर जाताच पत्ता बदलतो आणि पैसे भरलेला मुलगाच बाहेर पडतो.

पाच तासांत तो पत्ता कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू शकतो, हे खरं आहे. प्लेअरवर विद्यार्थ्याचा क्रमांक फिरता दाखवला की फिरवाफिरवी बरीच आटोक्यात राहते. याउपर हवं असेल तर डीआरएम (नक्कल रोखणारं कूटबद्ध कुलूप), आणि तो खर्च क्लासच्या आवाक्यातला क्वचितच असतो.

प्लेअरचं पान आणि तुकडे एकाच डोमेनवर ठेवा, सीओआरएसची (दुसऱ्या डोमेनवरून मागण्यावरच्या ब्राउझरच्या बंधनाची) कटकट टळते. इंजिनएक्सच्या माइम यादीत एम३यू८ आणि टीएस दोन्ही असतात, पण सर्व्हरची टाइप्स यादी कोणी हाताने बदलली असेल तर टीएस ही फाइल टाइपस्क्रिप्ट समजून पाठवली जाऊ शकते. व्हिडिओ/एमपी२टी दिसायला हवं.

अपलोड

लेक्चर चढवताना पहिला अडथळा ४१३ : इंजिनएक्स मुळात १ एमबीच्या वर काही घेत नाही. फक्त अपलोडच्या लोकेशनमध्ये क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज ४जी करा, सगळीकडे नको. तिथेच प्रॉक्सी_रिक्वेस्ट_बफरिंग ऑफ, नाहीतर पूर्ण फाइल आधी इंजिनएक्सच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये आणि मग पुन्हा टॉमकॅटकडे, अशी दोनदा लिहिली जाते. स्प्रिंग बूट असेल तर त्याची स्वतःची मर्यादाही १ एमबीच आहे, ती वेगळी वाढवा.

उबुंटूचं टॉमकॅट पॅकेज सिस्टमडीच्या कुंपणात चालतं. फोल्डर टॉमकॅटच्या मालकीचं असूनही 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' अशी चूक आली तर परवानग्या उपसत बसू नका : सिस्टमसीटीएल एडिट टॉमकॅट१० करून सर्व्हिसखाली रीडराइटपाथ्समध्ये आवक फोल्डर द्या.

रूपांतर त्याच विनंतीत करू नका. फाइल आली, नोंद झाली, २०२ (काम स्वीकारलं) परत. एफएफएमपेग वेगळ्या सेवेत, नाइस १९ (सर्वांत कमी प्राधान्य) लावून, रात्री आठ ते दहाची वेळ टाळून. तेच रात्री आठला चाललं तर चारही कोअर खाऊन टाकेल. रूपांतर वेगळ्या फोल्डरमध्ये करा आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलून जागेवर आणा, अर्धवट लेक्चर कोणाला दिसणार नाही.

तपासणी

कर्लने -आर ०-१०२३ देऊन एमपी४ मागा. २०६ आणि 'कंटेंट-रेंज : बाइट्स ०-१०२३/' पुढे पूर्ण आकार यायला हवा. '/गुप्त/४८०/१५४२.एमपी४' थेट मागा, ४०४ हवं. टोकनमधलं एक अक्षर बदलून मागा, ४०३ हवं. दुसऱ्या मशीनवरून ८०८० वर जोडून बघा, जोडणी नाकारली जायला हवी. सर्व्हरवरूनच ८०८० ला एमपी४ मागितला तर २०० आणि शून्य बाइट येतात, ते बरोबरच आहे : हेडर वाचणारा इंजिनएक्स मध्ये नव्हता. पण बाहेरून कोणाला शून्य बाइटचा व्हिडिओ मिळत असेल तर त्याची विनंती इंजिनएक्सला वळसा घालून जाते आहे.

अ‍ॅक्सेस लॉगच्या फॉरमॅटमध्ये स्टेटस, बाइट्स_सेंट, एचटीटीपी_रेंज, रिक्वेस्ट_टाइम आणि अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम घाला. मग एक ओळ पुरते. समजा एमपी४ च्या ओळीत रिक्वेस्ट_टाइम ४१.३ आणि अपस्ट्रीम ०.००६ आहे : टॉमकॅटने सहा मिलिसेकंदांत होकार दिला, बाकीचा वेळ विद्यार्थ्याच्या नेटवर्कने खाल्ला. तक्रार आली तरी सर्व्हरला हात लावायची गरज नाही. दोन्ही आकडे चाळिशीत असतील तर व्हिडिओ अजूनही जावातूनच वाहतोय, हेडर कुठेतरी गळालं आहे. अशा वेळी इंजिनएक्सचं तात्पुरतं प्रॉक्सी फोल्डरही बघा. बफर अपुरा पडला की तो दर विनंतीमागे १ जीबीपर्यंत डिस्कवर लिहितो, आणि 'डिस्क रोज रात्री भरते, सकाळी रिकामी असते' हे कोडं तिथेच सुटतं.

५०२ म्हणजे टॉमकॅट उठलेला नाही किंवा पोर्ट चुकला. रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर एरर लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' सोबत १३ दिसला तर एसईलिनक्सचं एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट चालू करा. ५०४ म्हणजे टॉमकॅट ६० सेकंदांत काही बोलला नाही, बहुधा डेटाबेसची क्वेरी. मर्यादा वाढवण्याआधी ती क्वेरी बघा. टॉमकॅटच्या लॉगमधल्या क्लायंटअ‍ॅबॉर्टएक्सेप्शनने घाबरू नका, कोणीतरी पान बंद केलं इतकंच.

अपाचे असेल तर

अपाचे २.४ आधीच बसवलेला असेल तर तो काढायलाच हवा असं नाही. मॉड_प्रॉक्सी_एचटीटीपी घ्या, इव्हेंट एमपीएम ठेवा, प्रॉक्सीपास आणि प्रॉक्सीपासरिव्हर्स दोन्ही लिहा. एचएलएसच्या वाटेसाठी उद्गारचिन्हाची प्रॉक्सीपास ओळ मुळाच्या ओळीच्या आधी हवी, क्रम उलटला तर तुकडेही टॉमकॅटकडे जातात. एक्स-सेंडफाइलसाठी मॉड_एक्ससेंडफाइल वेगळं बसवावं लागतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र इंजिनएक्सच घ्यावा.

मशीन ऑफिसमध्ये ठेवत असाल तर

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि ऑफिसात कूलर लागतो. सर्व्हर कूलरच्या खोलीत ठेवू नका. ती हवा गार असते तशीच दमट आणि खाऱ्या धुळीची, पंख्यांवर आणि बोर्डवर पांढरा थर बसतो. छोटी खोली आणि एसी, नाहीतर क्लाउड. यूपीएसवर फक्त सर्व्हर लावून भागत नाही, राउटर आणि फायबरचा डबाही त्याच यूपीएसवर हवा. एनव्हीएमई डिस्कचं तापमान स्मार्टसीटीएलने दुपारी तीनला बघा, सकाळी नव्हे.

बदल करताना इंजिनएक्सला आधी -टी देऊन फाइल तपासा आणि मग रीलोड करा, रीस्टार्ट नको. रीलोडमध्ये जुने वर्कर हातातल्या जोडण्या संपवूनच जातात. टॉमकॅटची नवी वॉर फाइल चढवतानाही ज्यांना टोकन मिळालं आहे त्यांचं लेक्चर चालूच राहतं, थांबतात ते फक्त त्या अर्ध्या मिनिटात लॉगिन करणारे. तरीही आठ ते दहामध्ये चढवू नका.